पंधरा कोर्स आणि एक डी

कॅलिफोर्नियाच्या सरकारी हायस्कूलमध्ये डी ग्रेड म्हणजे पास. दहावीच्या इंग्रजीत डी मिळाला तरी क्रेडिट जमा होतात, मूल पुढच्या वर्गात जातं, बारावीच्या शेवटी झगा आणि चौकोनी टोपी घालून स्टेजवर चढतं, घरचे शिट्ट्या मारतात, फोटो निघतात. डिप्लोमा अगदी खरा असतो. फक्त युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (युसी) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या राज्याच्या दोन्ही सरकारी विद्यापीठांच्या हिशेबात त्या मुलाने दहावीचं इंग्रजी केलेलंच नसतं. तिथे किमान सी लागतो.

मी ईस्ट बे भागातल्या एका सरकारी शाळेत काऊन्सेलर आहे. मूळची सांगलीची. तिथे ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते; लग्नानंतर इकडे आले, इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत पुन्हा शिकले आणि शाळेत समुपदेशन करण्याचा परवाना काढला. गावाकडच्या नातेवाइकांना वाटतं की मी दिवसभर मुलांच्या मनाचे गुंते सोडवते. तेही असतंच. पण माझा बराचसा वेळ ट्रान्सक्रिप्ट वाचण्यात जातो. आडनावाच्या अक्षरांप्रमाणे मुलं वाटलेली असतात आणि माझ्या वाट्याला साडेचारशेच्या आसपास येतात. इथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काऊन्सेलरमागे २५० मुलांची आहे. शिफारस चांगली आहे.

ज्या यादीभोवती हे सगळं फिरतं तिला सगळे 'ए-जी' म्हणतात. सात अक्षरं, सात विषयगट, मिळून वर्षभराचे १५ कोर्स. ए म्हणजे इतिहास, दोन वर्षं. त्यात एक वर्ष जगाचा आणि एक वर्ष अमेरिकेचा. बी म्हणजे इंग्रजी, चारही वर्षं. सी म्हणजे गणित, निदान तीन वर्षं, म्हणजे पहिलं बीजगणित, भूमिती आणि 'अल्जिब्रा टू'. डी म्हणजे प्रयोगशाळेसह विज्ञान, दोन वर्षं. ई म्हणजे इंग्रजीखेरीज दुसरी एखादी भाषा, एकच धरून दोन वर्षं. एफ कला, एक वर्ष. आणि जी म्हणजे यांच्याच तोडीचा आणखी एखादा विषय, एक वर्ष. यांपैकी ११ कोर्स बारावी सुरू होण्याआधी झालेले असले पाहिजेत, अशी युसीची अट आहे. अक्षरांचा घोळ तर विचारू नका. गणिताचा गट सी आणि त्यात ग्रेडही सी हवा. विज्ञानाचा गट डी, पण त्यात डी चालत नाही. पालकसभेत हे सांगताना मी आता गटांची अक्षरं उच्चारतच नाही.

त्याच्या शेजारी दुसरी यादी ठेवायची. डिप्लोमासाठी राज्याच्या कायद्याने किमान काय लागतं? इंग्रजी तीन वर्षं, गणित दोन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं तीन, व्यायाम दोन, आणि कला, परकी भाषा किंवा व्यवसायशिक्षण यांपैकी कुठलंही एक वर्ष. शाळा चालवणाऱ्या स्थानिक डिस्ट्रिक्टला यात भर घालता येते आणि पुष्कळ डिस्ट्रिक्ट घालतात. पण मूळ यादीत इंग्रजीचं चौथं वर्ष नाही, अल्जिब्रा टू नाही, दोन वर्षं भाषा नाही. म्हणजे शाळेने सांगितलेलं सगळं निमूट करणारं मूलसुद्धा राज्याच्या विद्यापीठात अर्ज करायला अपात्र ठरू शकतं. आणि ठरतं. राज्यभरात डिप्लोमा घेणाऱ्या मुलांपैकी ए-जी पूर्ण करणारी सुमारे निम्मीच असतात.

त्यात आणखी एक पाचर आहे. कोर्सचं नाव बरोबर असून भागत नाही. प्रत्येक हायस्कूल आपापले कोर्स युसीकडे पाठवून मंजूर करून घेतं आणि त्या शाळेची स्वतःची यादी तयार होते. एकाच नावाचे दोन विज्ञानाचे कोर्स शेजारशेजारच्या खोल्यांत चाललेले असतात. एक यादीत असतो, दुसरा नसतो. मुलांना तो फरक कळायला काही मार्ग नसतो, कारण पुस्तकं जाड दोन्हीकडे, बेडूक दोन्हीकडे.

सांगलीत मी ज्या वयाची मुलं पाहिली त्यांचा निर्णय दहावीनंतर व्हायचा: सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. त्यावर घरात आठवडाभर चर्चा, मामाचं मत, शेजारच्या इंजिनीअरचं मत, क्वचित रडारड. निर्णय चुकीचाही असायचा, पण निर्णय होतो आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. इथे तो आठवीच्या वसंतात होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक फॉर्म घरी येतो, त्यावर चौकोन असतात, तेरा वर्षांचं मूल पेन्सिलीने खुणा करतं आणि आई किंवा बाबा खाली सही करतात. पुष्कळदा सहीही मुलानेच केलेली असते. त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं की हा रकाना सोडलास तर चार वर्षांनी सॅन होजे स्टेटचं दार बंद होईल.

अशा एका मुलाची हकिगत सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. आई रात्री ऑफिसं साफ करणारी, वडील फरशा बसवणारे, घरात बोलणं स्पॅनिश. मुलगा बारावीच्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आला. मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं म्हणाला, स्टेट युनिव्हर्सिटीतून. मी ट्रान्सक्रिप्ट उघडली. उनाडपणाची एकही खूण नाही, हजेरी उत्तम. गणितात बीजगणित आणि भूमिती झालेली, पण अकरावीला त्याला जमाखर्चाच्या गणिताच्या वर्गात बसवलेलं, आणि तो कोर्स यादीत नव्हता. स्पॅनिशचं एक वर्ष ए घेऊन केलं आणि मग तो तास सोडून ऑटो शॉप घेतलं. शाळेत कुणीतरी म्हणालं, तुला तर स्पॅनिश येतंच. नववीच्या बायॉलॉजीत पहिल्या सेमिस्टरला डी. मी एकेक ओळ दाखवत गेले तेव्हा तो वैतागला नाही. एवढंच म्हणाला, "पण मला सगळ्यात पास केलं होतं ना, मिस?"

यावर उत्तर नसतं, म्हणून मी कामाला लागते. येणाऱ्या भाषेचा वरच्या पायरीचा कोर्स सी घेऊन केला की खालच्या पायऱ्या झाल्या असं धरलं जातं, तेव्हा त्याला थेट एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, स्पॅनिशमध्ये बसवलं. तिथे तो घरच्यासारखा वावरला. अल्जिब्रा टूसाठी कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग शोधला. कॉलेजचा एका सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या कोर्सएवढा धरतात आणि हायस्कूलच्या मुलांना तिथे बहुधा फी पडत नाही. ही सोय फार मोलाची आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना आहे. राहिली बायॉलॉजी. गणितात आणि दुसऱ्या भाषेत वरचा कोर्स खालच्याला सावरतो तसं विज्ञानात सरसकट होत नाही. ते सेमिस्टर परत करायला त्या वर्षी त्याच्या वेळापत्रकात जागाच उरली नाही. तो कम्युनिटी कॉलेजात गेला. तिथून दोन वर्षांनी बदली घेऊन विद्यापीठात जाता येतं, त्या वाटेवर ए-जी कुणी विचारत नाही आणि युसीच्या सहा कॅम्पसमध्ये ठरलेले कोर्स आणि ग्रेड पुरे केले तर बदलीची हमीसुद्धा मिळते. वाट चांगली आहे. पण ती त्याने निवडली नव्हती.

नववीबद्दलची एक अर्धवट खरी गोष्ट या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान करते. "युसी नववीचे ग्रेड धरत नाही" असं मोठी भावंडं धाकट्यांना सांगतात. सरासरी काढताना धरत नाही, हे बरोबर. दहावी आणि अकरावीतले आणि त्यांच्या आगेमागेच्या उन्हाळ्यांतले ए-जी कोर्स घेऊनच ती काढतात. राज्यातल्या मुलांना युसीसाठी ३.० आणि स्टेट युनिव्हर्सिटीसाठी २.५ लागते. पण नववीचा कोर्स पंधरांत मोजायचा तर त्यात सी हवाच. चौदा वर्षांचा मुलगा पहिलं अर्धवाक्य ऐकतो आणि जग जिंकल्यासारखा हसतो. मी दर ऑगस्टमध्ये नववीच्या वर्गांत जाऊन उरलेलं अर्धं सांगते. ते ऐकताना कुणी हसत नाही, आणि लक्षात किती जण ठेवतात याबद्दल मी फार आशा बाळगत नाही.

उलट गणितात नियम पुष्कळ दयाळू आहेत. पहिल्या सेमिस्टरला डी आणि दुसऱ्याला सी आला तर दुसरा पहिल्याला सावरून घेतो. अल्जिब्रा टूमध्ये सी मिळवला तर आधीच्या बीजगणितातला डी पुसला जातो. हे माहीत नसल्यामुळे काही शाळांत मुलांना सगळा उन्हाळा तेच बीजगणित परत करायला बसवलेलं मी पाहिलं आहे. डी किंवा एफ आला तर तो कोर्स परत करून ग्रेड सुधारता येतो. सी आला असेल तर मात्र परत करून काही मिळत नाही. असे नियम कळणारं कुणी घरात असलं की मूल नियमांच्या फटींतून वाट काढतं. ते नसलं की त्याच फटींत अडकतं.

ज्यांच्या घरात कळतं, त्यांत आमची माणसं आली. मराठी पालक माझ्याकडे एक्सेल शीट घेऊन येतात. कित्येकांनी सहावीतच ठरवलेलं असतं की बीजगणित सातवीत, कॅल्क्युलस दहावीत. त्यांच्या मुलांना पंधरा कोर्सची काळजी नसते, ती बावीस-तेवीस करतात. त्यांची भांडणं वेगळी. ए-मायनसचा ए करून घेण्यासाठी एक गृहस्थ शिक्षिकेला ईमेलवर ईमेल पाठवत होते. मी त्यांना सांगितलं की युसी प्लस आणि मायनस बघतच नाही, दोन्ही चारच धरते. ते थोडे निराश झाल्यासारखे वाटले. एपीचंही तसंच. मंजूर ऑनर्स आणि एपी कोर्सना जो एक गुण जास्त मिळतो तो सरासरीत फार तर आठ सेमिस्टरना धरतात आणि त्यांतले दहावीतले चारच. तरी एपीच्या थप्प्या लागतात, कारण शेजारच्याची थप्पी उंच असते.

आमच्या घरांत अडतं ते एफपाशी. कला हा गट या यादीत उशिरा आला. तोवर यादी 'ए-एफ' होती आणि २००३ पासून प्रवेश घेणाऱ्यांना कलेचं एक वर्ष सक्तीचं झालं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पण अकरावीच्या वेळापत्रकात दुसरं विज्ञान बसवायला कला हलवायची, ही आमच्याकडची पहिली चाल. एकदा एक आई म्हणाली, "अहो ताई, हिचं सात वर्षं भरतनाट्यम झालंय. अरंगेत्रम केलं, हॉल घेतला होता, अडीचशे माणसं जेवली. ते नाही धरत?" नाही धरत. खासगी क्लास शाळेच्या यादीत नसतो. ते उपक्रमांच्या रकान्यात लिहायचं, आणि ते वाचलंही जातं, पण एफचा चौकोन रिकामाच राहतो. मुलीने बारावीला मातीकामाचा वर्ग घेतला. पुढे तिने मला सांगितलं की दिवसभरात तोच एक तास असा होता की ज्यात कुणाशी स्पर्धा नव्हती. अरंगेत्रमच्या बाबतीत ती असं म्हणाली नाही, हे मी आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या भाषेची गंमत आणखी वेगळी. इथे जन्मलेली आमची मुलं मराठी समजतात, मोडकीतोडकी बोलतात आणि शाळेत स्पॅनिश किंवा मँडरिन घेतात; घरच्या मराठीला परीक्षेने किंवा शाळेच्या प्रमाणपत्राने सिद्ध केल्याशिवाय ईच्या गटात जागा नाही. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळांत तळमळीने शिकवणाऱ्या बायका-पुरुष मला ठाऊक आहेत; त्यांना नेहमी विचारलं जातं, याचं क्रेडिट मिळतं का? काही डिस्ट्रिक्टमध्ये मिळतं, काहींत नाही, तेव्हा आपापल्या काऊन्सेलरला विचारा, एवढंच मी सांगू शकते. शिवाय २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर द्यायला सुरुवात केली आहे, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिचा प्रवेशाशी थेट संबंध नाही, पण मुलांना ती आवडते.

आणि मग नांदेडहून आलेली एक मुलगी. हिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या यादीची आतली शिवण मला तिच्यामुळे दिसली.

तिची दहावी महाराष्ट्र बोर्डातून, मराठी माध्यमातून झालेली. काकांनी खूप वर्षांपूर्वी भरलेल्या कौटुंबिक व्हिसाचा नंबर लागला आणि सगळं कुटुंब आलं. वडील किराणा दुकानात लागले. नोंदी करणाऱ्या आमच्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली: गणित, एक ओळ, शंभरपैकी गुण. त्यांनी एका वर्षाचं 'गणित' मांडलं आणि तिला पहिल्या बीजगणितात टाकलं, नववीच्या मुलांबरोबर. विज्ञानाचंही तसंच. बाईंचं काही चुकलं नव्हतं; कागदावर जे होतं ते त्यांनी लिहिलं. आई माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, हिला परत खालच्या वर्गातलं शिकवणार का हो? गावात लोक काय म्हणतील?"

आपल्याकडे गणित भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती, आणि नववी-दहावी दोन्ही वर्षं दोन्ही चालतात, हे इथे कुणाला माहीत असणार? बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. मी दहावीच्या दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका काढल्या, शेजारी इंग्रजीत लिहिलं: वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. आमच्या गणितविभागाच्या प्रमुखांसमोर कागद ठेवले. ते पानं उलटत राहिले, मग तिची चाचणी घेतली. इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं तिला नीट कळली नाहीत, बाकी सगळं आलं. ती अल्जिब्रा टूमध्ये गेली, पुढच्या वर्षी प्रीकॅल्क्युलस.

इंग्रजीचं मात्र अवघड होतं. नवख्या मुलांची राज्याची इंग्रजीची चाचणी होते आणि तिच्यावरून त्यांना इंग्रजी शिकण्याच्या खास वर्गात बसवतात. तो वर्ग गरजेचा असतो. पण बीच्या चार वर्षांत अशा वर्गाचं फार तर एकच वर्ष धरलं जातं. मूल तीन वर्षं त्याच वर्गांच्या साखळीत राहिलं, आणि राहतं, तर त्याचं इंग्रजी सुधारतं आणि पात्रता जाते. ग्वाटेमालाहून, येमेनहून, अफगाणिस्तानातून आलेल्या मुलांचं हे सर्रास होतं. वर्ग भरायला सोपे जावेत म्हणून त्यांना एका गटात ठेवतात, त्यांचा दिवस त्यातच संपतो, आणि कला, भाषा, दुसरं विज्ञान कुठेच बसत नाही. नांदेडच्या मुलीला मी खास वर्ग आणि अकरावीचं नेहमीचं इंग्रजी एकाच वर्षी दिलं. ती रोज दुपारी वाचनालयात बसायची. पहिल्या सेमिस्टरला सी, तोही काठावरचा. मला तो सी इतर कुणाच्या ए-प्लसपेक्षा मोठा वाटला.

आणि ई? दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून सहावीच्या किंवा त्यावरच्या पातळीची दोन वर्षं शाळा झाली असेल तर भाषेची अट पूर्ण धरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मराठी माध्यमाने तिचा दोन वर्षांचा गट एका फटक्यात भरून काढला. गावात याच माध्यमामुळे तिच्या आईला मुलीचं पुढे कसं होणार अशी धास्ती होती. ती मुलगी आता हेवर्डच्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे.

कुणी म्हणेल, अटी इतक्या छळतात तर काढून टाका. मला तसं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बर्कलेचे प्राध्यापक स्वतः हायस्कुलांत जाऊन शिकवणं तपासायचे. शाळांनी चांगलं शिकवावं म्हणून विद्यापीठाने लावलेला तो रेटा होता आणि आजची यादी त्याच घराण्यातली आहे. १९६० मध्ये युसीचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या काळात राज्याचा उच्चशिक्षणाचा आराखडा झाला, तेव्हा वाटणी ठरली: हायस्कुलातून निघणाऱ्या मुलांपैकी वरच्या आठव्या हिश्शातली युसीकडे, वरच्या एकतृतीयांशातली स्टेट कॉलेजांकडे, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. म्हणजे ही यादी शिकवण्यासाठीही आहे आणि गाळण्यासाठीही. २०२० मध्ये युसीच्या रीजंट मंडळाने एसएटी ही प्रवेशपरीक्षा काढून टाकायचं ठरवलं, २०२२ मध्ये स्टेट युनिव्हर्सिटीनेही ती सोडली. परीक्षा गेली तसं सगळं वजन कोर्स आणि ग्रेडवर आलं. युसीएलएला वर्षाला १ लाख ४० हजारांहून अधिक नवे अर्ज येतात आणि दहातल्या एकालाही जागा मिळत नाही. तिथे पंधरा कोर्स म्हणजे फक्त उंबरठा. पण उंबरठ्यापर्यंत पोहोचणं तरी नशिबावर नसावं.

नियमही स्थिर राहत नाहीत. २०२० मध्ये अल्जिब्रा टूच्या जागी डेटा सायन्स चालेल असं युसीकडून कळलं. शाळांनी आनंदाने वर्ग उघडले, आम्ही गणिताला घाबरणाऱ्या मुलांना तिकडे वळवलं. २०२३ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रवेशविषयक प्राध्यापक-समितीने तो निर्णय फिरवला. प्राध्यापकांचं म्हणणं मला पटतं, पुढचं बीजगणित न करता इंजिनीअरिंगकडे जाता येत नाही. पण ज्या मुलांचं वेळापत्रक मार्चमध्येच ठरलं होतं त्यांना ऑगस्टमध्ये काय सांगायचं, याचं परिपत्रक कुणी काढलं नाही. ते आम्ही कॉरिडॉरमध्ये उभं राहून सांगितलं.

मग करायचं काय? सॅन होजेच्या डिस्ट्रिक्टने फार पूर्वी, २००२ च्या तुकडीपासून, ए-जीचेच कोर्स डिप्लोमासाठी सक्तीचे केले. लॉस एंजेलिसमध्ये २००५ साली विद्यार्थी आणि पालकांनी मोर्चे काढून बोर्डाकडून तसाच ठराव करून घेतला. पण २०१५ मध्ये, हजारो मुलं डिप्लोमालाच मुकतील हे दिसल्यावर, त्याच बोर्डाला डी चालेल असं म्हणावं लागलं. म्हणजे कोर्स सगळ्यांना, पण डी आणि सी यांच्यातली फट पुन्हा जिथल्या तिथे. लोक या गोष्टीला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. कोर्स मिळालेला, पण डी आलेला मुलगा उन्हाळ्यात एक सेमिस्टर परत करून सुटतो. ज्याला कोर्सच मिळाला नाही त्याला तीन वर्षं परत आणता येत नाहीत.

माझं मत आता पक्कं झालं आहे. नववीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला आपोआप ए-जीच्या वर्गात बसवावं. ज्याला नको असेल त्याने, घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्यावर, सही करून बाहेर पडावं. वेल्डिंग शिकणारा मुलगा मला कमी वाटत नाही, पण त्याने अल्जिब्रा टू सोडली हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. आणि डी आला की त्याच आठवड्यात घरी पत्र गेलं पाहिजे: शाळेच्या लेखी पास, विद्यापीठाच्या लेखी नाही.

इथल्या मराठी वाचकांना एक विनंती. स्कूल बोर्डाच्या सभांना तुम्ही जाता, हे मी पाहते. कॅल्क्युलसचा आणखी एक वर्ग हवा, आठवीत बीजगणित परत आणा, म्हणून रांगेत उभे राहता, मुद्देसूद बोलता, आणि बोर्ड तुमचं ऐकतं. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. पुढच्या वेळी त्यांतलं एक मिनिट यासाठी द्या: आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये किती मुलं ए-जी पूर्ण करून बाहेर पडतात, खास इंग्रजी वर्गातली किती, आणि आठवीच्या फॉर्मवर ते छापलेलं का नाही, हे विचारा. आकडे राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळावार मिळतात. फॉर्म फेब्रुवारीत छापायला जातो, म्हणून जानेवारीच्या सभेला जा.